बसऱ्याला गेलेल्या आपल्या लोहारासाठी आवाहन

समस्त ग्रामस्थ, मुंबई-पुण्याची मंडळी आणि माहेरवाशिणींना सप्रेम नमस्कार.

चावडीच्या भिंतीतली दगडी पाटी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने सातारा जिल्ह्यात गावोगावी अशा पाट्या बसवल्या. या गावातून १९१४-१९१९ च्या युद्धावर किती गेले आणि किती कामी आले, एवढंच तिच्यावर इंग्रजीत कोरलं आहे. नाव एकाचंही नाही. आता तर दगडाला तडा गेलाय आणि निम्मी अक्षरं चुन्याखाली बुजली आहेत.

गेलेल्यांत आपला एक लोहार होता. बलुत्यावर गावाचे फाळ पाजवणारा, गाडीच्या चाकांना धाव चढवणारा. तो पलटणीबरोबर नालबंद म्हणून गेला आणि परत आला नाही. घरात पिढ्यान् पिढ्या एकच वाक्य सांगतात, ‘ते बसऱ्याला गेले, कुतच्या वेढ्यात होते.’ बसरा आणि कुत ही आजच्या इराकमधली शहरं. फोटो नाही. त्याची ऐरण मात्र लोहार आळीत आजही आहे.

कुत-अल-अमारात पुण्याची सहावी डिव्हिजन अडकली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला पडलेला वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या हाती लागली. त्यांत शिपायांबरोबर भिस्ती, खेचरवाले, स्वयंपाकी असे बिनबंदुकीचे हजारो होते. दाणा संपल्यावर घोडी आणि खेचरं कापून खावी लागली. ज्यांच्या खुरांना नाल ठोकले, तीच जनावरं. पुढे कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, कित्येकांना रेल्वेच्या कामाला जुंपलं. खूप जण वाटेतच मेले.

हातात बंदूक नव्हती म्हणून त्याचं मरण कमी मोलाचं ठरत नाही, असं आम्हाला ठामपणे वाटतं. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे, पण तिथेही भिंतीवर इंग्रजांची नावं कोरली आणि आपल्या साध्या शिपायांचे आकडे. या भेदभावाबद्दल युद्धसमाध्यांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ मध्ये माफी मागितली. आपल्या चावडीवर तरी आपण नाव लिहू या.

जुनी पाटी जागची न हलवता साफ करून तिचा तडा बुजवायचा आहे. शेजारी काळ्या दगडाची नवी पाटी बसवायची आहे. तिच्यावर सापडतील तेवढी सगळी नावं मराठीत येतील, नावापुढे ज्याचा त्याचा धंदाही येईल. कागद किंवा आयोगाची नोंद जुळल्याशिवाय एकही नाव कोरणार नाही.

वर्गणीची रक्कम ठरवलेली नाही. दहा रुपये दिले तरी पावती मिळेल, आणि हिशोब दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागेल. पैशापेक्षाही निकड आहे ती कागदांची. माळ्यावरची ट्रंक उघडा. पेन्शनची पुस्तकं, बिल्ले, मेडल, मोडी लिपीतली पत्रं, काहीही असेल तर दाखवा. आम्ही घरी येऊन फोटो काढू, वस्तू तुमच्याकडेच राहील. मोडी वाचता येणाऱ्यांची आणि इंटरनेटवर आयोगाच्या याद्या चाळू शकणाऱ्या पोरापोरींची फार गरज आहे.

११ नोव्हेंबरला, त्या युद्धाच्या तहकुबीच्या दिवशी, पाटी बसवायचा विचार आहे. दगड आणायला ट्रॅक्टर आणि श्रमदानाला माणसं लागतील. वर्गणी आणि कागद ग्रामपंचायत कार्यालयात, बाजाराच्या दिवशी चावडीवर स्वीकारू.

आपले,
ग्रामपंचायत सदस्य आणि गावातील माजी सैनिक