फोटो नाहीत, म्हणून पत्र

मनीषनगर, नागपूर
११ जानेवारी २०२६

प्रिय सुन्या,

तुझा मेसेज गुरुवारपासून तसाच पडून आहे. "पेंचला जाऊन आला म्हणे, फोटो टाक ना बे." फोटो असते तर गाडीतूनच टाकले असते, तुला माझी सवय माहीत आहे. एकही नाही. म्हणून आज रविवार बघून कागद घेतला. शेवटचं पत्र तुला कधी लिहिलं ते आठवत नाही. तू पुण्याला गेल्यावर पहिल्या वर्षी दोन-तीन लिहिली असतील. त्यातल्या एकात, मंडईत "सांभार द्या" म्हणालास आणि भाजीवाली बघतच राहिली, ते तू कळवलं होतंस. ते पत्र आईने जपून ठेवलंय. आमच्याकडे कोथिंबिरीला अजून सांभारच म्हणतात, बरं का.

तर पेंच. पहाटे साडेतीनला निघालो. मी, सुप्रिया, ओवी, मल्हार आणि आई. आईला नेऊ नये असं माझं मत होतं. उघडी जिप्सी, जानेवारीतली थंडी, तिचे गुडघे. ती म्हणाली, "भंडाऱ्याच्या पोरीला जंगल दाखवायला निघाला मोठा," आणि रात्रीच सांभारवड्या तळून डबा भरून ठेवला. मग काय बोलणार! कामठी, मनसर, पवनी करत सिल्लारीच्या गेटवर पोहोचलो तेव्हा उजाडायचं होतं. मुलं ब्लँकेटात गुंडाळलेली, नुसती नाकं बाहेर.

गेटवर मोबाईल जमा करायला सांगितले. बातमी तू वाचली असशील. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात पर्यटकांनी मोबाईल वापरायचा नाही. मीही वाचली होती, आणि पेपर बाजूला ठेवताना "बरोबर आहे" असंही म्हणालो होतो. पण आपलाच फोन पिशवीत जायला लागला की मत जरा पातळ होतं. त्यात शेजारच्या जिप्सीत एक गृहस्थ हातभर लेन्सचा कॅमेरा मांडीवर घेऊन बसलेले. त्यांना मुभा! मी गाईडला म्हटलं, हा काय न्याय झाला? गाईड म्हणजे बाजूच्या गावातली पंचविशीची मुलगी. ती शांतपणे म्हणाली, "सर, कॅमेऱ्यानं दुसऱ्या गाडीला फोन नाही लावता येत."

मग लक्षात आलं. एका गाडीला वाघ दिसला की फोन फिरतात आणि दहा मिनिटांत सगळ्या गाड्या तिथे. परवाच्या डिसेंबरात, म्हणजे ३१ डिसेंबर २०२४ला, आपल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात हेच झालं. एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर, आणि पुढून-मागून जिप्स्या. व्हिडिओ सगळीकडे फिरला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. खरं सांगू? तो व्हिडिओ मीही चार जणांना पाठवला होता, "बघा किती वाईट" असं लिहून. तुलाही आला असेल.

असो. फोन दिला.

पहिला तास काहीच नाही. काहीच नाही म्हणजे चितळं, मोर, एक गवा, आणि ती कुलूची पांढरीफटक झाडं. मल्हारने विचारलं याला रंग कोणी दिला. खिशाशी माझा हात किती वेळा गेला ते सुप्रियाने मोजलं. ती म्हणते अकरा. मुलांचं तसं काही झालं नाही, हे मला जरा खटकलंच. ओवी तेरा वर्षांची, तिच्या स्क्रीनवरून घरात रोज माझी तिच्याशी वाजते, आणि ती इथे जणू जन्मात फोन पाहिला नाही अशी बसलेली. आजार कोणाला आणि औषध कोणाला देऊन राहिलो आपण, असं वाटून गेलं.

मग एका नाल्याजवळ वानर खाकरलं. तू ऐकलंयस का कधी? आपण रामटेकला ऐकतो ते भांडण वेगळं. हा खकार कोरडा, एकसारखा असतो, वाघ-बिबट्याची चाहूल लागल्याचा इशारा. वानर सागाच्या शेंड्यावर, तोंड नाल्याकडे. पाठोपाठ सांबराचा एक कॉल, भोंग्यासारखा. गाईडने बोट वर केलं, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. आईने माझ्या कानात विचारलं, "सांभार काय म्हणते ती?" हसू दाबताना माझा घसा दुखला.

वीस मिनिटं आम्ही तसेच बसलो. मल्हार आठ वर्षांचा आहे. वीस मिनिटं तो जेवायलासुद्धा बसत नाही.

पुढचं मात्र मी तुला नीट सांगू शकत नाही, कारण आमच्या घरात त्याच्या पाच आवृत्त्या आहेत. मल्हारच्या आवृत्तीत पूर्ण वाघ आहे. नाल्यात उतरला, पाणी प्यायला, त्याच्याकडे पाहिलं आणि गेला. ओवी म्हणते तिला फक्त कान दिसला, पाठमोरा, काळ्यावर पांढरा ठिपका असलेला, बाकी गवत. सुप्रियाला दोन सागांच्या मधून पिवळी पाठ सरकताना दिसली, "पदर ओढून घ्यावा तशी." आईने नेमका तेव्हा चष्मा पुसायला काढला होता. आणि मी? गाईड "सर, तिकडे" म्हणाली, आणि माझा हात, सुन्या, बारावी वेळ खिशात गेला. नजर हातापाठोपाठ खाली गेली. दोन सेकंद, फार तर तीन. वर पाहिलं तर गवताची पाती हलत होती.

गवत हलताना मी पाहिलं. हे मी शपथेवर सांगू शकतो.

आई मात्र मध्येच म्हणाली, "इथं कोणी चिन्नोर शिजवून राहिलं का?" आम्हाला वाटलं भूक लागली असेल. गाईड चपापून मागे वळली. "आजी, तुम्हाला वास आला? वाघ झाडावर फवारा मारतो ना, त्याला भातासारखाच वास येतो." आईचं माहेर भंडाऱ्याकडचं, तिकडच्या सुवासिक चिन्नोर तांदळाचा वास तिला झोपेतही कळतो. घरी आल्यावर ओवीने शोधून काढलं की बासमतीला ज्या द्रव्यामुळे सुवास येतो तेच वाघाच्या फवाऱ्यात असतं. म्हणजे आमच्यापैकी सगळ्यात पक्का पुरावा चष्मा काढून बसलेल्या बाईकडे. तेव्हापासून तिचा रुबाब बघायला तू इथे असायला हवा होतास.

आता याच्या उलटी गोष्ट ऐक. डिसेंबरात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बिबट्या आला. पार्किंगच्या उतारावर ऐटीत उभा, मागे आमचीच भिंत. दिवसही तसेच होते. इथे हिवाळी अधिवेशन चालू, त्यात बिबट्यांवरच रणकंदन. जुन्नरचे आमदार बिबट्याच्या वेशात विधानभवनात आले, वनमंत्र्यांनी बिबटे गावात येऊ नयेत म्हणून जंगलात शेळ्या सोडायची कल्पना मांडली, आणि त्याच दिवसांत पारडीत खराखुरा बिबट्या वस्तीत घुसला. माणसं जखमी झाली. त्याला बेशुद्ध करून गोरेवाड्याला नेलं. त्यामुळे आमच्या फोटोवर कोणीही शंका घेतली नाही. चार दिवस मुलं खाली खेळायला बंद. वॉचमनला काठी आणि शिट्टी. कमिटीची तातडीची बैठक, त्यात पिंजरा की सीसीटीव्ही यावर दीड तास.

तो फोटो खोटा हे ओवीने ओळखलं. मला मोठा करून दाखवला. "बाबा, दिवा उजवीकडे आहे ना? मग सावलीही उजवीकडे कशी? आणि या गाडीचा नंबर वाच." नंबरप्लेटवर कुठल्याच भाषेतली नाहीत अशी अक्षरं होती. चौथ्या मजल्यावरच्या अकरावीतल्या मुलाने एआयकडून बनवून घेतला होता, मित्रांना हसवायला. मी ग्रुपवर लिहिलं. त्यावर एका काकांचं उत्तर आलं: "पण फोटो तर आहे ना!"

आणि हेच काका मागच्या आठवड्यात लिफ्टमध्ये भेटले. मल्हारने त्यांना वाघ सांगितला, पाणी पिण्यासकट. काकांनी त्याच्या डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "हो का? फोटो दाखव पाहू."

पोराचं तोंड एवढंसं झालं. मला काय बोलावं सुचेना, तोवर आमचा मजला आला. रात्री तो मला विचारतो, "बाबा, खरंच वाघ होता ना?" आता मी काय सांगू? मी तर खिशात पाहत होतो. म्हटलं, आजीला विचार.

मला या एआयची भीती वाटते ती नोकऱ्यांवरून नाही. ती चर्चा तू मागच्या वेळी फोनवर तासभर केलीस, मी होय-होय म्हणत वरणाला फोडणी दिली. मला वाटतं ते असं, की आपल्या पोरांना खोटं ओळखता येईल, ओवीला येतंच. पण जे खरं आहे आणि ज्याचा पुरावा नाही, ते खरं मानायला ती कुठे शिकणार? ओवी आता मल्हारच्या वाघालाही सावली कुठे पडली होती असं विचारते. तो रडकुंडीला येतो. तिचंही चुकत नाही.

परतताना तिने विचारलं, सगळ्या वाघांना कॉलर लावली तर कुठे आहेत ते कळेल ना? मी तिला जयची गोष्ट सांगितली. तुला आठवतो ना जय? नागझिऱ्यातून चालत उमरेड-कऱ्हांडल्यात आलेला तो प्रचंड वाघ. गळ्यात रेडिओ कॉलर, आणि तरी एप्रिल २०१६पासून त्याचा पत्ता नाही. अमुक ठिकाणी दिसला, तमुक ठिकाणी दिसला म्हणत लोक किती दिवस शोधत होते. ओवी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तो अजून असू शकतो." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. वाघ इतकी वर्षं जगत नाहीत जंगलात, हे मला माहीत आहे. तिलाही असावं.

त्यावरून रामटेक आठवलं. नववीत आपण तुझ्या काकांचा कॅमेरा घेऊन गेलो होतो ते. गडावर, कालिदास स्मारकात, खिंडसीच्या काठावर, छत्तीसच्या छत्तीस फोटो ऐटीत काढले आणि इतवारीतल्या स्टुडिओवाल्याने सांगितलं की रोल आत अडकलाच नव्हता. काका महिनाभर बोलले नाहीत. आणि गडावर माकडाने टोपी नेली ती तुझी की माझी, हे भांडण अजून मिटलेलं नाही. माझीच होती. निळी. तू तुझी लाल सांगतोस, पण लाल तू दहावीत घेतलीस. फोटो निघाले असते तर हा विषय कधीच संपला असता आणि आज आपल्याकडे फोनवर बोलायला शेअर बाजार आणि गुडघे एवढेच उरले असते.

तर ये ना यार. आता सबबी नाहीत. समृद्धी मागच्या जूनमध्ये पूर्ण झाला, ७०१ किलोमीटर, संभाजीनगरला त्याला लागलास की थेट नागपूर. फक्त झोप सांभाळ, रस्ता इतका सरळ आहे की डोळे आपोआप मिटतात. आम्ही शिर्डीला गेलो तेव्हा सुप्रिया मला दर पंधरा मिनिटांनी कोडं घालत होती. गाडी नको तर ऑगस्टपासून पुणे-अजनी वंदे भारत आहे. बारा तास बसून पाठ धरते, तिकीटही स्वस्त नाही, पण अजनीला उतरलास की मी घ्यायला उभा असेन. फेब्रुवारीत ये, उन्हं तापायच्या आत. तर्री पोहे खाऊ, मल्हार तुला मेट्रोत खापरीपर्यंत फिरवून आणेल, त्याचा तो आवडता उद्योग आहे. प्रत्येक स्टेशनचं नाव तो बाईच्या आवाजात आधीच सांगतो. लोक हसतात, मी खिडकीबाहेर बघतो.

आणि मल्हारने वाघ सांगितला तर मध्ये बोलू नकोस. या आठवड्यात त्यात एक बछडा आला आहे.

आई आतून विचारते आहे, पत्र सुन्यालाच ना? तिने तुझ्यासाठी दोन किलो चिन्नोर बांधून ठेवलाय, उद्या कुरियरला टाकतो. नवा आहे, पाणी बेताने घाल. तिचा निरोप असा की कुकर लावायचा नाही, पातेल्यात शिजवायचा, आणि उकळी फुटली की झाकण काढून जरा जवळ उभं राहायचं.

तुझा,
बाळ्या