गंगापूर रोडच्या अण्णांस, पाचही चाकांकडून

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या फोनला अजून बटणं आहेत, त्यामुळे हे पत्र तुमच्यापर्यंत नातीच्या तोंडूनच पोचणार. तिला आधीच सांगून ठेवतो: बाळा, सावकाश वाच, आणि आजोबा मध्येच "बरं बरं, पुढं" म्हणाले तरी काही गाळू नकोस. टायरची हवा सांगणारी यंत्रणा निवडून दिलीत म्हणून समोर येऊन आभार मानायला गेलो की तुम्ही हातातला पाना हलवून विषय उडवता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

तुम्हाला ती रविवारची रात्र आठवत असेल. पंक्चरच्या दुकानाचं शटर तुम्ही अर्धं ओढलेलं होतं. आम्ही दिवसभर हरसूलच्या पुढे ओढ्याकाठच्या दगडगोट्यांतून हिंडलो होतो. चिखल आणि दगड, म्हणून चारही चाकांची हवा बत्तीस पाउंडांवरून वीसवर आणलेली. हवा कमी केली की टायर पसरतो, जमीन धरतो, दगडावर आपटायच्या ऐवजी त्याच्यावर बसतो, एवढं आम्हा हौशी लोकांना पाठ असतं. परत भरायचं तेवढं अंधार पडला की जिवावर येतं. "गिरणाऱ्याला भरू" म्हणत वाघेरा घाट तसाच ओलांडला. मागच्या डाव्या टायरला कुठल्याशा दगडाने चीर पाडली होती आणि हवा हळूहळू जात होती, पण चारही चाकं मऊ असताना त्यातलं एक जास्त मऊ झालंय हे स्टिअरिंगला कळत नाही. कळलं ते मागे बसलेल्या माझ्या मुलीला. "बाबा, रबर जळल्याचा वास येतोय."

स्टेपनी लावून तुमच्यापर्यंत आलो. स्टेपनीतही हवा जेमतेमच होती, ते वेगळंच. तुम्ही तो टायर रिमवरून सोडवला, उचलून उपडा केला, आणि आतून मूठभर काळा भुगा पडला, चहाच्या पावडरीसारखा. मला वाटलं ओढ्यातली रेती असेल. तुम्ही तो चिमटीत घेऊन माझ्या तळहातावर ठेवलात. "हा टायरच आहे. हवा नसताना चाक फिरलं की बाजू दुमडते, सुटते, दुमडते, सुटते. तापते आणि आतून स्वतःलाच खाते." मी विचारलं, पॅच मारून चालेल का? तुम्ही म्हणालात, "मारता येईल. मारणार नाही." गिऱ्हाईक दारात उभं, टायर हातात, आणि दुकानदार काम नाकारतोय. समृद्धीवर एकशेवीसने जाताना तोच टायर फुटला असता तर काय झालं असतं, हे तुम्ही बोलला नाहीत. मागच्या सीटवर झोपलेल्या पोरीकडे एकदा बघितलंत, तेवढं पुरलं.

त्या रात्री मी घरी जाऊन टायरची हवा सांगणारी यंत्रणा शोधायला बसलो आणि दोन दिवसांत माझं डोकं भणभणलं. तिसऱ्या दिवशी फोनमध्ये चित्रं घेऊन तुमच्याकडे आलो. खरं सांगायचं तर सल्ला मागायला नाही, मी निवडलेलं तुम्ही "झकास" म्हणावं म्हणून. माझं ठरलंच होतं: व्हॉल्व्हवर टोपीसारखे फिरवून बसवायचे चार सेन्सर आणि डॅशबोर्डवर उन्हावर चार्ज होणारी छोटी रंगीत स्क्रीन. टायर उतरवायला नको, पाच मिनिटांत काम.

तुम्ही स्क्रीनकडे बघितलंही नाहीत. विचारलंत, "वर्षातून किती वेळा हवा काढता?" म्हटलं, वीसेक वेळा. "मग तेवढ्याच वेळा या टोप्या काढणार. काढून कुठे ठेवता?" खिशात. "अंधारात, चिखलाच्या हाताने. मग पुढची डावी कुठली आणि मागची उजवी कुठली?" मी गप्प. प्रत्येक टोपी स्क्रीनवरच्या एकेका चाकाशी बांधलेली असते. अदलाबदल झाली की हवा जाणार एका चाकाची आणि बोंब होणार दुसऱ्याची. काही टोप्यांना चोरी होऊ नये म्हणून खालून नट असतो, म्हणजे खिशात आणखी एक बारका पाना. मग तुम्ही दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीवरची तसली टोपी दाखवलीत आणि रबरी व्हॉल्व्ह बोटाने हलवून दाखवला. "कानात जड डूल घातल्यासारखं आहे. चाक फिरतं तेव्हा हे बाहेर ओढतं. टोप्याच लावायच्या तर आधी वॉल धातूचे करून घ्यायचे." (वॉल म्हणजे व्हॉल्व्ह.) आणि करवंदीच्या जाळीतून गाडी काढताना ती टोपी आधी अडकणार, व्हॉल्व्ह मुळापासून वाकणार, हेही तुम्हीच सांगितलंत. तुम्ही आयुष्यात कधी ऑफ-रोडिंग केलं नाही, पण एसटीच्या टायर विभागात काढलेली वर्षं म्हणजे पेठ-सुरगाण्याच्या जुन्या रस्त्यांचा हिशोबच की.

म्हणून टायरच्या आत, व्हॉल्व्हच्या पोटाशी बसणारे सेन्सर. व्हॉल्व्हचं तोंड मोकळं राहतं, हवा काढायचं यंत्र थेट लागतं, बाहेरून तोडायला काही नाही. याची दुसरी बाजूही तुम्ही लपवली नाहीत. टोपीतला बटणसेल घरी बदलता येतो. आतल्या सेन्सरचा सेल बंदिस्त, काही वर्षांनी संपला की अख्खा सेन्सर नवा आणि त्यासाठी टायर उतरवणं आलं. ही गोष्ट मला अजून खुपते. घड्याळाचा सेल संपला म्हणून कोणी घड्याळ फेकतं का? "गाडी गंगापूर रोड ते सातपूर एवढीच जात असती तर टोप्याच घ्या म्हटलो असतो," हे तुमचं वाक्य मी नंतर चार जणांना ऐकवलं. त्यातल्या तिघांनी टोप्या घेतल्या आणि ते सुखात आहेत.

माझ्या मेव्हण्याच्या गाडीत तर सेन्सरच नाहीत, तरी कंपनीचा पिवळा दिवा आहे. तो एबीएसवरून, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेवरून चालतो: हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून इतरांपेक्षा जास्त वेगाने फिरतं, आणि गाडी तो फरक ओळखते. हुशारी आहे. पण चारही चाकांची हवा सारखीच काढली तर फरक उरतच नाही. आमच्यासारख्यांच्या कामाचा नाही तो.

आता खरी गोम. मी निवडलेल्या त्या स्क्रीनवर हवा कमी झाल्याचा इशारा सव्वीसच्या खाली नेताच येत नव्हता. म्हणजे ओढ्यात वीसवर चालवताना ती दिवसभर टीं-टीं करणार. मी म्हटलं, आवाज बंद ठेवेन. तुम्ही हसलात. "रोज मरे त्याला कोण रडे. आवाज बंद केलात की परत चालू करायचं विसराल, जसं हवा भरायचं विसरलात." त्या क्षणी मला कळलं की आपण इतके दिवस स्क्रीनचे रंग बघत बसलो होतो. शेवटी घेतली ती यंत्रणा दिसायला ओबडधोबड आहे, पण तिचा आकडा गाडीत बसल्या बसल्या बदलता येतो आणि पार खाली नेता येतो. रस्त्यावर सत्तावीस, दगडांत सोळा. डांबरावर आलो की परत सत्तावीस करायचं. ते केलं की चारही चाकं एकदम ओरडायला लागतात आणि हवा भरेपर्यंत थांबत नाहीत. माझ्या विसराळूपणावर हाच इलाज होता. अमेरिकेत २००७ पासून नव्या मोटारींना असा दिवा सक्तीचा आहे, पण तिथल्या नियमात तो हवा पंचवीस टक्के उतरली की लागला म्हणजे पुरे. बत्तीसच्या गाडीला ते चोवीस होतात. समृद्धीवर चोवीस म्हणजे मला तरी उशीरच वाटतो.

पाचवा सेन्सर स्टेपनीत बसवायचा हट्टही तुमचाच. तेव्हा मी तुम्हाला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की २०२० मध्ये केंद्राने नियम बदलला, अशी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असलेल्या ट्यूबलेस टायरच्या मोटारीला स्टेपनी ठेवण्याची सक्ती राहिली नाही. तुमचं उत्तर: "नियम करणाऱ्याला म्हणावं, एकदा वाघेरा घाटात ये." बाजू फाटलेल्या टायरला किट काय करणार!

बसवायचं काम तुम्ही स्वतः घेतलं नाहीत. बॅलन्सिंगचं मशीन आपल्याकडे नाही म्हणून दुसरीकडे पाठवलंत, आणि तिथे उभं राहून "टॉमी वॉलपाशी घालू नको" हे मला त्या पोराला तीन वेळा सांगायला लावलंत. टॉमी म्हणजे टायर रिमवरून सोडवायची पट्टी; ती चुकीच्या जागी गेली तर आतला सेन्सर मोडतो. मग प्रत्येक रिमवर व्हॉल्व्हशेजारी पिवळ्या रंगाचा ठिपका तुम्ही दिलात. नांदुरीजवळ एका अनोळखी पंक्चरवाल्याने तो ठिपका बघून आपणहून विचारलं, "आत सेन्सर आहे का?" म्हणजे ही खूण तुमच्या धंद्यात चालते तर! पंक्चर बंद करणारं जेल टायरमध्ये ओतू नका, सेन्सरचं भोक बुजतं, हेही तेव्हाच सांगितलंत. माझ्या डिकीत त्याची बाटली होती. ती कुठे गेली हे मी सांगत नाही.

पुढच्या दोन फजित्याही लिहून टाकतो. पहिली निफाडची. जानेवारीत सासुरवाडीला मुक्काम. मी शहाणपणाने इशारा एकोणतीसवर ठेवला होता आणि आदल्या दुपारी गाडी पळवून गरम झालेल्या टायरात बरोब्बर बत्तीस भरली होती. निफाडचा पारा थंडीत कुठे जातो ते पेपरात दर वर्षी येतंच. सकाळी गाडी हलवली आणि चारही चाकांनी गळा काढला. आकडे अठ्ठावीसच्या आसपास. मी चार चाकांना चार पंक्चर शोधत गारठलेल्या अंगणात लोळलो. सासरे चहाचा कप घेऊन बघत होते. तुम्हाला फोन केला तेव्हा कळलं: दहा अंश थंडी वाढली की दीडेक पाउंड हवा उतरते, हवा गार टायरातच मोजायची, आणि इशारा सत्तावीसला आणायचा.

दुसरी त्याहून वाईट. कच्च्या रस्त्यावरून बाहेर येऊन कॉम्प्रेसर लावला आणि स्क्रीनकडे बघत हवा भरत बसलो. आकडा एकवीसवरून हलेना. वाटलं कॉम्प्रेसर गेला, भरतच राहिलो. गाडी निघाली, चाक फिरलं आणि स्क्रीनवर आलं अडतीस. माझे सेन्सर सेल वाचवायला उभ्या गाडीत झोपतात, चाक फिरलं की जागे होतात, हे पुस्तिकेत लिहिलेलं होतं. पुस्तिका वाचायची असते हेच मला नवीन होतं. तुम्ही तेव्हा खो खो हसलात आणि ड्रॉवरमधून हवा मोजायचं तुमचं जुनं पितळी गेज काढून माझ्या हातात ठेवलंत. "भरताना हे. चालताना ते."

गेज आणि स्क्रीन एक पाउंडाचा फरक दाखवतात म्हणून मी कुरकुरलो होतो, त्याचं कारण मागाहून सापडलं. आत बसलेला सेन्सर एकूण दाब मोजतो आणि त्यातून समुद्रकाठच्या हवेचा दाब वजा करून आकडा दाखवतो. आपलं नाशिक समुद्रापासून सहाएकशे मीटर उंच, इथली हवा तेवढी हलकी. म्हणून स्क्रीन कमी दाखवते. तुमचं गेज बरोबर आहे. (नातीने हे वाक्य दोनदा वाचावं.)

आणि एक गोष्ट तुम्हाला अजून सांगितलेलीच नाही. मागच्या महिन्यात सापुताऱ्याहून येताना हवा चारही चाकांत ठीक होती, पण पुढच्या उजव्याचं तापमान बाकीच्यांपेक्षा बारा अंश जास्त. पूर्वी दुर्लक्ष केलं असतं. वणीला थांबलो, रिमजवळ हात नेला तर चटका बसेल अशी धग. ब्रेक अडकून राहिला होता. हवेसाठी घेतलेल्या यंत्राने ब्रेक पकडून दिला. तो दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकने विचारलं, कसं कळलं? मी तुमचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "ते थुंकी लावून वॉल बघणारे अण्णा का?"

तेच. एवढी सगळी यंत्रं बसवून झाल्यावरही तुम्ही प्रत्येक व्हॉल्व्हच्या तोंडावर ओलं बोट ठेवून, बुडबुडा येतो का म्हणून वाकून बघत होतात. पाचही चाकं. त्या तीन संध्याकाळींचे तुम्ही पैसे घेतले नाहीत. वर चहाही तुमचाच.

पितळी गेज माझ्याकडेच राहिलंय, डॅशबोर्डच्या कप्प्यात, पिवळ्या फडक्यात गुंडाळून. तुम्ही मागितलं नाहीत म्हणून मी दिलं नाही, आणि खरं म्हणजे द्यायचं मनातही नाही. रविवारी येतो. नवीन घेऊन येतो, ते तुम्ही ठेवा.

तुमचा,
तो हवा भरायला विसरणारा