हरणांच्या उतारावरून आजीस

हार्टफर्ड, इंग्लंड
ऑक्टोबरअखेर

ती. आजीस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, "तुमच्या गावाच्या नावातच हार्ट कसं गं?" आणि मग गप्प झालीस. आजोबा गेल्यापासून तो शब्द निघाला की तुझा आवाज खाली जातो. तेवढ्यात फोन तुटला आणि उत्तर राहून गेलं. आज सुट्टी आहे, बाहेर पावसाची भुरभुर आहे, म्हणून सावकाशीने लिहायला बसले.

आजी, या हार्टचा काळजाशी काही संबंध नाही. उच्चार अगदी तोच, पण शब्द निराळा. हा हार्ट म्हणजे नर हरीण. इथलं तांबूस रंगाचं, थोराड, आपल्या सांबराची आठवण करून देणारं. आणि 'फर्ड' म्हणजे नदीचा उतार, जिथून पायी पलीकडे जाता येतं तो. म्हणजे मी हरणांच्या उतारावर राहते. बीड नावाच्या एका ख्रिस्ती मठवाश्याने ७३१ च्या सुमारास लॅटिनमध्ये इथला इतिहास लिहिला, त्यात हे गाव 'हेरुटफर्ड' म्हणून आलंय. इतकं जुनं नाव. आता उतारावर पूल आहेत, नदीत हंस आणि लांबट होड्या आहेत, हरीण मात्र पाटीवर आणि जिल्ह्याच्या चिन्हात उरलंय. बंटीला सांग, वॉटफर्ड फुटबॉल क्लबच्या बिल्ल्यावरचं शिंगवालं तोंड याच हार्टचं आहे, कारण तो क्लब आमच्याच जिल्ह्यातला.

गंमत म्हणजे इथलं कुणी हरणाला हार्ट म्हणत नाही. नराला 'स्टॅग' म्हणतात. हार्ट बोलण्यातून गेला, पण गावांच्या नावांत, आडनावांत आणि दारूच्या गुत्त्यांच्या पाट्यांवर ठाण मांडून बसला. आपल्याकडे जसे वाघ, कोल्हे, लांडगे, तसे इथे हार्ट आडनावाचे लोक. कुणी चपळ म्हणून त्याला हे नाव पडलं असेल, कुणाच्या दारावर हरणाची पाटी असेल. पण सगळे हार्ट हरणाचे नव्हेत. आयर्लंडमधल्या काही घराण्यांचं मूळ आडनाव 'आर्ट' या पूर्वजाच्या नावावरून आलंय. ज्यू लोकांत 'हिर्श' असं नाव असतं, म्हणजे जर्मन भाषेतलं हरीण, त्यातल्या काहींनी इंग्लंडमध्ये येऊन हार्ट हे नाव घेतलं. नंदूकाकांनी वकिलीच्या अभ्यासात ज्या हार्टसाहेबांचं कायद्याविषयीचं पुस्तक वाचलं, तेही ज्यू घरातले.

जुन्या शिकारी लोकांत मात्र हार्ट हा नेमका शब्द होता. पहिल्या वर्षीचं पाडस वेगळं, दुसऱ्या वर्षी त्याला 'ब्रॉकेट' म्हणायचे, मग वर्षागणिक नाव बदलायचं, पाचव्या वर्षी 'स्टॅग', आणि सहाव्या वर्षी, शिंगांना पुरते फाटे फुटले की 'हार्ट'. हे वाचताना मला आजोबा बैलाच्या तोंडात हात घालून दात बघताना दिसले. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि शेवटी जुळलेला. ज्यांचं पोट जनावरावर चालतं, तेच असे शब्द घडवतात. हौसेने कुणी घडवत नाही.

या जनावरापायी माणसांनी भोगलंही खूप. नॉर्मंडीहून आलेल्या विल्यम राजाने मोठमोठी रानं स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवली. तो १०८७ मध्ये वारला तेव्हा इथल्या बखरकाराने लिहून ठेवलं, की जो कोणी 'हेओर्ट' किंवा हरिणी मारील त्याचे डोळे काढावेत असा त्याचा कायदा होता, आणि राजा हरणांवर असं प्रेम करी जणू तो त्यांचा बापच. रानाच्या कडेला राहणाऱ्या गरिबाला तो कायदा ऐकताना काय वाटलं असेल, याचा विचार मनातून जात नाही.

पुढे तीनशे वर्षांनी दुसऱ्या रिचर्डने पांढरा हार्ट हीच आपली निशाणी केली. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचं एक दोन फळ्यांचं चित्र आहे, आपल्या देवघरातल्या तसबिरीएवढं. त्यासमोर मी बराच वेळ उभी होते. राजा गुडघे टेकून बसलाय, समोर देवमाता आणि अकरा देवदूत, आणि प्रत्येक देवदूताच्या छातीवर तो इवलासा पांढरा हार्ट. मागच्या बाजूला तोच हार्ट गवतात बसलेला, गळ्यात सोन्याचा मुकुट आणि साखळी. १३९९ मध्ये रिचर्डचं राज्य गेलं, पण 'व्हाइट हार्ट' नावाचे गुत्ते आजही गावोगाव आहेत.

गेल्या शनिवारी पहाटेच निघून रिचमंड पार्कात गेले. लंडनच्या कडेला चार्ल्स राजाने १६३७ मध्ये भिंत घालून बंदिस्त केलेलं मोठं रान आहे, तिथे सहाशेच्या वर हरणं मोकळी हिंडतात. हे दिवस त्यांच्या माजाचे. पन्नास मीटर लांब राहा, अशी ताकीद असते. धुक्यातून आधी आवाज आला. रेडा डुरकतो तसा, पण जास्त घोगरा, पोटातून आलेला. मग तो दिसला. मान ताणलेली, तोंडातून वाफा निघतायत, मानेवरचे केस चिखलाने चिकटलेले. शिंगांत नेच्याचा वाळका पाला अडकलेला होता. मुद्दाम झुडपांवर शिंगं घासून ते असा पाला माळून घेतात म्हणे. आपल्या सांबराच्या एका शिंगाला तीन टोकं, याच्या दोन्ही शिंगांवर मिळून मी बारा मोजली. एवढा पसारा वसंतात गळून पडतो आणि ऑगस्टपर्यंत पुन्हा तयार होतो. वाढताना त्यावर मखमलीसारखी लव असते, ती शेवटी सोलून रक्ताळलेल्या चिंध्यांसारखी लोंबते.

तुला आवडेल असं एक सांगते. भाषा जाणणारे म्हणतात, हार्ट आणि आपलं शिंग हे एकाच मुळातून आलेत. आपल्या बाजूला शृंग, मग शिंग. यांच्या बाजूला 'हॉर्न' आणि हार्ट. म्हणजे हार्ट हा मुळात शिंगवाला. 'डिअर'चंही तसंच. पूर्वी त्याचा अर्थ कुठलंही जनावर, पुढे फक्त हरीण उरलं. मृगाचं नेमकं हेच झालं. सिंह मृगेंद्र, माकड शाखामृग, आणि आपण आता मृग म्हणतो ते हरणालाच. इतक्या लांबच्या दोन बोलींनी एकच वाट धरली, हे कळल्यावर मला त्या दिवशी दुसरं काही सुचेना.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते. ऑफिसात माझ्या शेजारी एक स्वीडनची बाई बसते. तिने घरची बिस्किटं आणली, तोंडात टाकताच विरघळणारी. काय घातलंय विचारलं तर तिने पर्समधून एक पुडी काढली, 'यूर्टहूर्नसाल्ट'. म्हणजे हरणाच्या शिंगाचं मीठ. हुंगले तर नाकातोंडात झणका गेला, नवसागर आणि चुना एकत्र केल्यावर जातो तसा. आता ते कारखान्यात बनतं, पण पूर्वी खरोखर शिंगाचा कीस भट्टीत तापवून काढत. इंग्लंडमध्ये त्याला 'हार्ट्सहॉर्न' म्हणत, आणि कुणाला घेरी आली की त्याची बाटली नाकाशी धरत.

पुडी हातात असताना मला तुझी सहाण दिसली. माहेराहून, जोरखोऱ्यातून आणलेला तो सांबरशिंगाचा बोटभर तुकडा, एका बाजूने झिजून गुळगुळीत झालेला. मला खोकला झाला की तू तो उगाळायचीस आणि कोमट लेप छातीवर लावायचीस. तुझ्या बोटाचा खरखरीतपणा मला लेपापेक्षा जास्त आठवतो.

तो तुकडा अजून फडताळात आहे ना? मला पाठवू नकोस, असलं काही देशाबाहेर नेणं कायद्यात बसत नाही आणि ते योग्यच आहे. फक्त कुणाला देऊ नकोस, नि आईला घर आवरताना टाकूही देऊ नकोस. आणि एवढं कळव: तू तो पाण्यात उगाळायचीस की तुपात? लेप पळीत गरम करायचीस का? उगाळताना काहीतरी पुटपुटायचीस, ते काय होतं? बंटीला समोर बसवून तुझ्याच शब्दांत लिहून घ्यायला सांग. त्याने ते सुधारून लिहू नये.

वाईला थंडी पडली असेल. घाटावर जाताना कानाला बांधून जा.

तुझी नात