‘साठ’मधला ‘स’

ताई, सप्रेम नमस्कार.

ऐकण्यावरच्या तुमच्या संशोधनाच्या वहीत माझ्या बाबांचं नाव नसेल, नुसता क्रमांक असेल. म्हणून ओळख देते. अशोक चौकाजवळच्या कारखान्यात चौतीस वर्षं लूमवर टॉवेल विणणारे आणि “काका, गलक्यात बोललेलं कळतं का?” या तुमच्या प्रश्नावर एकदम गप्प झालेले, ते माझे बाबा.

तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. आधी एका ठिकाणी शांत खोलीत बीप ऐकवून “वयोमानाने थोडं कमी आहे” एवढंच सांगितलं होतं. घरी रात्री ते नीट बोलत. गड्ड्याच्या यात्रेत, लग्नात मात्र सगळ्याला नुसती मान हलवत. “सोयीचं तेवढं बरं ऐकू येतं,” असं आई विड्या वळता वळता किती वर्षं म्हणत आली!

तुम्ही आईला शेजारी बसवून वाक्यं ऐकवलीत आणि मागचा गलका वाढवत नेलात. शांततेत सगळी वाक्यं बरोबर आली. गलका बोलण्याच्या बरोबरीला आला तसे बाबा घामाघूम झाले. आईने पदर डोळ्यांना लावला.

मग तुम्ही समजावलंत. स्वर ठळक असतात. स, श, फ बारीक आणि उंच पट्टीचे. मागाच्या खडखडाटाचा पहिला मार बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास बसतो. ‘साठ’मधला ‘स’ गळाला की ‘आठ’ उरतो. मंडईत साठ रुपयांच्या भाजीला बाबा दहाची नोट का पुढे करायचे, ते तेव्हा कळलं. कुजावा आणि लिबरमन या संशोधकांचा २००९ मधला उंदरांवरचा प्रयोगही तुम्ही सांगितलात: गोंगाटानंतर ऐकण्याची चाचणी पूर्ववत झाली, पण केशपेशी (कानातल्या आवाज टिपणाऱ्या पेशी) आणि कानाची नस यांच्यातले जोड तुटलेलेच राहिले. माणसांत हे किती घडतं याचा शोध अजून चालू आहे, हेही लपवलं नाहीत. कानाच्या मशीनने मदत होईल, कान नवा होणार नाही, हे स्पष्ट सांगितलंत. त्यामुळेच बाबांचा तुमच्यावर विश्वास बसला.

ओठ दिसले की गलक्यातही बोलणं जास्त कळतं, असं तुम्ही म्हणालात तेव्हा बाबा हसले. कारखान्यात सगळे ओठांवर आणि हातवाऱ्यांवरच बोलतात! ते तुम्ही लगेच लिहून घेतलंत. बाबा अजून सगळ्यांना सांगतात, “माझं म्हणणं वहीत लिहिलं.”

धाकटे काका अजून लूमवर आहेत. कानाला सोसेल तो वेळ ८५ डेसिबल आवाजाला आठ तास, मग दर वाढत्या ३ डेसिबलला निम्मा, म्हणजे ९४ ला एकच तास, हा हिशोब ऐकल्यापासून ते तुम्ही दिलेले इअरप्लग घालतात.

मनापासून आभार, ताई. बाबांच्या कानांसाठी, आणि त्याहून जास्त आईसाठी. परवा भवानी पेठेत साखरपुडा होता. हॉलमध्ये स्पीकर चालू. आईने बाबांच्या खांद्याला हात लावला, समोर उजेडात आली आणि म्हणाली, “पहिल्या पंगतीला साठ पानं बसली.”

बाबा म्हणाले, “साठ? मग अजून चाळीस राहिले.”

तुमची,
क्रमांकवाल्या काकांची मुलगी