अमेरिकेत टीव्हीवर, मग आमच्याकडे का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लढतींच्या खेळांचे प्रसारण हक्क किती अब्ज डॉलरना विकले गेले, याच्या बातम्या आपल्या क्रीडापानावर अधूनमधून येतात. आकडे छापून येतात, कंपन्यांच्या अधिकाऱ्यांचा आनंदही छापून येतो. त्या सौद्यामुळे ज्याच्या घरातल्या टीव्हीवरून कार्यक्रमच निघून गेला, त्याची बाजू मात्र मला कुठे वाचायला मिळाली नाही, म्हणून हे पत्र.

विषय डब्ल्यूडब्ल्यूईचा, म्हणजे अमेरिकेतल्या करमणुकीच्या कुस्तीचा. जानेवारी २०२४ मध्ये या कंपनीने नेटफ्लिक्सशी दहा वर्षांचा, पाच अब्ज डॉलरहून मोठा करार जाहीर केला. अमेरिकेत ६ जानेवारी २०२५ पासून ‘रॉ’ हा त्यांचा आठवड्याचा कार्यक्रम तिकडे गेला. भारतात सोनीचा करार मार्चअखेरपर्यंत असल्याने आपल्याला तीन महिने जास्तीचे मिळाले. १ एप्रिलपासून रॉ, स्मॅकडाउन, एनएक्सटी हे आठवड्याचे कार्यक्रम आणि वर्षातला सगळ्यात मोठा रेसलमेनिया, असं सगळंच नेटफ्लिक्सवर गेलं. आधी टेन स्पोर्ट्स आणि मग सोनी, असं वर्षानुवर्षं जे केबलच्या पॅकमध्ये घरोघरी येत होतं, ते एका रात्रीत बंद झालं.

यावर चाहत्यांमध्ये सरळ दोन तट पडले आहेत. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली आमच्याकडची पोरं खूश आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला पटतंही. सगळं एका ठिकाणी मिळतं, हवं तेव्हा बघता येतं, चॅनेलवरच्या जाहिरातींचा मारा नाही, हिंदी समालोचनही आहे. घरात इंटरनेट आणि स्मार्ट टीव्ही असेल तर हा करार फायद्याचाच आहे.

पण आमच्या तालुक्यातल्या गावांत बहुतेक घरी साधा टीव्ही आणि केबल नाहीतर छत्री. आमच्या गल्लीत एक माजी पैलवान आहेत, वय सत्तरीच्या पुढे. सगळी गल्ली त्यांना वस्ताद म्हणते. मंगळवारी सकाळी रॉ लागायचं, नंतर दिवसभरात पुन्हा दाखवायचे, तेव्हा आळीतली पोरं त्यांच्या ओट्यावर जमायची. जॉन सीनाने प्रतिस्पर्ध्याला खांद्यावर आडवा घेतला की वस्ताद म्हणायचे, “बघ रं, हा आपला कलाजंग. फक्त आपण असा उभ्याने फेकत नाही, अंगाखाली घेऊन चितपट करतो.” मग पोरांना मान कुठे धरायची, मांडीत हात कुठून घालायचा, हे ते तिथेच बसून दाखवायचे. रे मिस्टेरिओ त्यांचा विशेष लाडका, कारण एवढ्याशा अंगाचा गडी आडदांड माणसांना खेळवतो. तालमीकडे न फिरकणारी दोन-तीन पोरं या गप्पांमुळे मातीत उतरली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्यात वेळ अशी आली की गोष्ट ऐन रंगात तुटली. १ मार्च २०२५ ला टोरांटोमध्ये जॉन सीनाने तेव्हाचा विजेता कोडी ऱ्होड्स याच्यावर उलटून हल्ला केला. वीसेक वर्षं चांगला म्हणून ओळखला गेलेला माणूस खलनायक झाला. हे आमच्याकडे टीव्हीवर दिसलं. पुढच्या महिन्यात लास वेगासच्या रेसलमेनियात त्याने कोडीलाच हरवून सतरावं जागतिक विजेतेपद मिळवलं आणि जुना मल्ल रिक फ्लेअरचा सोळाचा विक्रम मोडला. हे टीव्हीवर दिसलं नाही. त्याच वर्षी सीना निवृत्त होणार हे आधीच जाहीर झालं होतं. लहानपणी या मल्लांची पत्त्यांसारखी ट्रम्पकार्डं जमवून छाती, दंड आणि रँकवरून भांडलेली आमची पिढी आता पोरंबाळंवाली झाली आहे. आपल्या पोरांना शेजारी बसवून सीनाचं शेवटचं वर्ष बघावं, एवढीच अनेकांची इच्छा होती.

आता मुख्य मुद्दा. सांगितलं जातं की जग बदललं, टीव्हीचे दिवस संपले, सगळीकडे हेच चाललंय. हे खरं नाही. ज्या अमेरिकेत ही कंपनी आहे, तिथे फक्त रॉ नेटफ्लिक्सवर आहे. स्मॅकडाउन यूएसए नेटवर्क या केबल चॅनेलवर लागतं आणि त्यासाठी पाच वर्षांचा वेगळा करार झालेला आहे. एनएक्सटी तर सीडब्ल्यू या चॅनेलवर आहे, जो तिथे साध्या अँटेनावर फुकट दिसतो. म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या म्हाताऱ्याकडे इंटरनेट नसलं, तरी त्याला आठवड्यातून एकदा तरी हा खेळ बघायला मिळतो. आमच्या वस्तादांना मिळत नाही. भारतासह बहुतेक परदेशांचे हक्क एकगठ्ठा देऊन टाकले आणि इथला प्रेक्षक काय साधनाने बघतो, याचा विचार झाला नाही. याच कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये हैदराबादला कार्यक्रम केला, तेव्हा सीना स्वतः आला होता आणि भारतीय चाहत्यांचं किती कौतुक झालं होतं! कौतुक केलं त्या चाहत्यांपैकी कितीजण केबलवर बघणारे होते, हे कंपनीला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

अमेरिकेतला चाहताही सगळा सुखात आहे असं नाही, हेही सांगायला हवं. डब्ल्यूडब्ल्यूई आणि यूएफसी (ठोसे, लाथा, कुस्ती अशा मिश्र प्रकारच्या खऱ्या लढती) या दोन्हींची मालकी आता टीकेओ या एकाच कंपनीकडे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आठवड्याभराच्या आत तिने दोन करार जाहीर केले. डब्ल्यूडब्ल्यूईचे मोठे कार्यक्रम पीकॉक या इंटरनेट सेवेवरून ईएसपीएन या क्रीडा चॅनेलच्या नव्या सेवेवर गेले. महिना अकरा डॉलरच्या आसपास मोजणाऱ्यांपुढे एकदम तीस डॉलरचा आकडा आला आणि तिकडचे चाहते खवळले. यूएफसीचं उलट झालं. पॅरामाउंट या करमणूक कंपनीशी सात वर्षांचा ७.७ अब्ज डॉलरचा करार झाला आणि एकेका मोठ्या कार्यक्रमासाठी सुमारे ऐंशी डॉलर वेगळे मोजण्याची पद्धत बंद झाली. ते चाहते सुटले. मालक एकच, करार आठवड्याभरातले, पण एकाच्या खिशाला कात्री लागली आणि दुसऱ्याचा भार उतरला. दोन्ही वेळा प्रेक्षकाला कुणी विचारलं नव्हतं.

दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा, की ही नुरा कुस्ती आहे, सगळं ठरवून असतं, त्याचं एवढं काय? ठरवून असतं हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. वगातला राजा खरा नसतो म्हणून कुणी तमाशाला जायचं सोडत नाही. आपटणं मात्र खरं असतं, मोडलेली हाडं खरी असतात आणि त्यामागची मेहनत तर कुठल्याही तालमीतल्या माणसाला नजरेने ओळखता येते.

दुसरा आक्षेप पैशांचा. नेटफ्लिक्स १४९ रुपयांत मिळतं, त्यात रडायचं काय? १४९ चा प्लॅन फक्त मोबाइल किंवा टॅबवर चालतो. टीव्हीवर बघायचं तर १९९ पासून पुढे, शिवाय तसा टीव्ही हवा आणि घरात चांगलं इंटरनेट हवं. केबलचे पैसे चुकत नाहीतच, हे त्याच्यावर वेगळे. शेतमजुराच्या घरात हा खर्च पोरांच्या करमणुकीवर होत नाही. आणि मोबाइलवर बघितलं तरी सहा इंचाच्या पडद्याभोवती ओटाभर माणसं बसत नाहीत. आमच्याकडच्या सलूनमध्ये मंगळवारी दाढीसाठी थांबलेली गिऱ्हाइकं पाय निघत नाही म्हणून सामना संपेपर्यंत बसायची. आता तिथे जो तो आपापल्या मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे तुकडे बघत असतो. काहीजण चोरून टाकलेल्या लिंका शोधतात. ते गैर आहे असंच माझं मत आहे, पण हा रस्ता प्रेक्षकाने आपण होऊन निवडलेला नाही.

सगळा करार मोडा असं कुणी म्हणत नाही. नेटफ्लिक्सने आणि डब्ल्यूडब्ल्यूईने मिळून भारतासाठी आठवड्याचा एक कार्यक्रम टीव्हीला द्यावा. स्मॅकडाउन द्यावं, कारण ते अमेरिकेतही टीव्हीवरच आहे. थेट नको, एक-दोन दिवसांनी दाखवलं तरी चालेल. खेळांच्या एखाद्या चॅनेलला पोटहक्क द्यावेत किंवा दूरदर्शनशी बोलावं. रेसलमेनिया वर्षातून एकदाच असतो, तो आठवड्याभराने टीव्हीवर दाखवल्याने नेटफ्लिक्सचा एकही वर्गणीदार तुटणार नाही. ज्यांना त्याच सकाळी बघायचं असतं ते पैसे भरणारच. उलट टीव्हीवर बघून नाद लागलेली पोरंच पुढे कमावती झाल्यावर वर्गणी भरतात. शहरात गेलेली आमची पोरं आज नेटफ्लिक्स घेतात, ती याच ओट्यावर बसून तयार झालेली आहेत.

आपल्याकडेही एक मागणं आहे. रॉ मंगळवारी सकाळी होतं, त्यामुळे त्याचे निकाल बुधवारच्या अंकात सहज बसतील. क्रीडापानाच्या कोपऱ्यात चार ओळी द्याव्यात, कोण जिंकलं, कुठला पट्टा कोणाकडे गेला, एवढंच. वस्तादांकडे आपला अंक रोज येतो आणि ते क्रीडापान आधी उघडतात.

आपला,
एक वाचक, सांगोला (जि. सोलापूर)