अतियातबाई, तुमचे आभार

प्रिय अतियात अल-अब्नूदी बाई,

तुम्ही इजिप्तच्या माहितीपट दिग्दर्शिका. २०१८ साली गेलात आणि मला तुमचं नाव कळलं ते त्यानंतर. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहिते आहे.

आमच्याकडच्या एका वीटभट्टीवर मी महिनाभर शूटिंग केलं होतं. उचल घेऊन आलेली कुटुंबं, पहाटे गारा तुडवणारे पाय, साच्यातून पडणाऱ्या विटा. त्यावर निवेदनही लिहून तयार होतं, चांगलं भारदस्त. मग तुमचा ‘हुसान अल-तीन’ पाहिला. ‘मातीचा घोडा’, १९७१ सालचा. नाईलकाठच्या वीटकामगारांवरची जेमतेम बारा मिनिटं! चिखलात गोल गोल फिरणारा घोडा, डोक्यावरून विटा वाहणाऱ्या बायका आणि कानावर पडतात ते त्यांचेच आवाज. मध्ये उभं राहून समजावून सांगणारं कुणी नाही. त्या रात्री मी माझं निवेदन काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डर घेऊन पुन्हा भट्टीवर गेले.

नंतर तुमचं मिळेल ते बघत, वाचत गेले. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या खेड्यात १९३९ साली तुमचा जन्म. कैरोत कायद्याचं शिक्षण, रंगभूमीवर कामं, मग तिथल्याच सिनेमाच्या संस्थेत प्रवेश, पुढे इंग्लंड. पण मला तुम्ही भेटता त्या ‘सँडविच’मध्ये. अब्नूद गावातला तो पोरगा शेळीचं दूध थेट भाकरीवर पिळतो आणि खातो. त्याची कीव करावी असं एकदाही वाटत नाही. कॅमेरा किती उंचीवर धरायचा, हे मी तिथे शिकले.

‘परवानगी असलेली स्वप्नं’ मधली उम्म सईद तर घरातलीच वाटते. शाळेची पायरी न चढलेली शेतकरी बाई, पण घराचा हिशेब, औषधपाणी, उद्याची तजवीज सगळं तिच्या हातात. आणि १९९५च्या संसदीय निवडणुकीत उभ्या राहिलेल्या बायकांना गाठायला तुम्ही कॅमेरा घेऊन निघालात, तेव्हा पन्नाशी कधीच ओलांडली होती.

फिल्म पुरी झाल्यावर मी भट्टीवरच्या बायकांना आधी तुमचा घोडा दाखवला, मोबाइलवर. अरबी कुणालाच कळत नव्हतं. एक मावशी शेवटपर्यंत टक लावून बघत होती. संपल्यावर तिने एकच विचारलं, “त्यांना हजारामागं किती देतात गं?”

तुमची ऋणी,
एक विद्यार्थिनी