आधी तपासणी, मगच बयाणा

जुन्या मोटारींच्या खरेदीविषयीचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. ग्राहकाने सावध राहावे हा त्यातला सल्ला योग्यच; पण सगळा भार त्याच्यावरच टाकणे पटत नाही. विक्रेता गाडी नीट तपासूच देत नसेल, तर सावध राहून करायचे काय? अलीकडे एका विक्रेत्याकडे ओळखीचा मेकॅनिक घेऊन गेलो, तर ‘आमची तपासणी झालेली आहे, आधी बयाणा भरा’ असे सुनावण्यात आले. इंजिन आधीच गरम करून ठेवलेले. थंड इंजिन सुरू होताना जो धूर किंवा खडखडाट लक्षात येतो, तो अशा वेळी कळत नाही. मीटरवर किलोमीटर अगदी कमी, पण ब्रेकच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झालेले!

काही गोष्टी ग्राहक स्वतः पाहू शकतो. टायरच्या कडेवरील चार अंकांत पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ‘३२१९’ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. मात्र गाडीच्या संगणकात नोंदले जाणारे बिघाडाचे कोड नुकतेच पुसले आहेत का, हे स्कॅनर जोडल्याशिवाय समजत नाही आणि अपघातानंतर चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, मारलेले वेल्डिंग गाडी वर उचलल्याशिवाय सहसा दिसत नाही. म्हणून बयाणा घेण्यापूर्वी ग्राहकाच्या मेकॅनिकला तपासणी करू देणे विक्रेत्यांवर बंधनकारक करावे. तिचा खर्च ग्राहक खुशीने सोसेल.

— एक वाचक